काळा-पांढरा काठ

शेवटची टेप ओढताना ज्ञानदाने श्वास रोखून धरला. रंग अर्धाच वाळलेला असताना टेप काढायची असते. उशीर केला तर कड उचकटते, घाई केली तर रंग ओघळतो. नेमोतोंच्या छोट्या ट्रकच्या हौद्यात उभं राहून तिने ती एका दमात वरून खालपर्यंत सोलली आणि काळ्या पट्ट्याची धार सुरीने कापल्यासारखी निघाली.

"बघा!" ती खाली उभ्या असलेल्या नेमोतोंना म्हणाली.

नेमोतो-सान एकोणऐंशी वर्षांचे. कोठार त्यांचं, ट्रक त्यांचा, शिडीही त्यांचीच. ज्ञानदाची होती ती फक्त नक्षी. त्यांनी टोपी मागे सारली, वर पाहिलं आणि दातांतून सावकाश हवा आत ओढली.

"काळा आणि पांढरा," ते म्हणाले.

"हो, काठ आहे तो. आमच्याकडे गोधडीला काठ लागतोच. काल नुसता बोर्ड लावला तर तुमच्या काळपट भिंतीत बुडून गेला होता. आता कसा उठून दिसतोय! पार वळणावरून दिसेल."

"वळणावरून दिसेल," नेमोतो म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि असाच राहणार?"

"वीस वर्षं तरी. ऊन-पावसाला दाद देणारा रंग नाही हा."

जपानात नऊ वर्षं काढलेल्या माणसाला दातांतून ओढलेल्या हवेतला नकार कळायला हवा. ज्ञानदालाही तो कळत असे, दुसऱ्या कुणाच्या कामाबद्दल असला की. नेमोतो घरात गेले, बशीत पर्सिमॉनच्या केशरी फळांच्या फोडी घेऊन आले, आणि दोघं हौद्याच्या फळीवर बसून भिंतीकडे बघत त्या फोडी खात राहिले. नेमोतो एकदा काहीतरी बोलायला वळले, पण त्यांनी नुसतीच बशी तिच्यापुढे सरकवली.

त्सुकुबाच्या डोंगराच्या पायथ्याशी भातशेतीची जी गावं आहेत त्यातलं हे एक. गावातल्या चार-पाच बायका फार वर्षांपूर्वी अमेरिकेला गेल्या होत्या. तिथल्या कोठारांवर गोधडीचे चौकोन रंगवलेले पाहून त्या परत आल्या आणि तोच नाद त्यांनी इथे सुरू केला. प्लायवूडच्या दोन फळ्या शेजारी शेजारी जोडायच्या म्हणजे पुरुषभर उंचीचा चौरस होतो. त्यावर तारे, भिंगऱ्या, रानहंस रंगवायचे आणि बोर्ड कोठारावर चढवायचा. आतापर्यंत दहा कोठारं झाली होती आणि दहाही नक्ष्या अमेरिकन पुस्तकातल्या होत्या. ज्ञानदा शहरातून सायकल हाणत समितीच्या बैठकांना यायची. पहिलं वर्ष तिने चहा ओतला, खुर्च्या मांडल्या. दुसऱ्या वर्षी तिने पिशवीतून लेकीची, ओवीची, बाळपणीची गोधडी काढून टेबलावर पसरली आणि म्हणाली, अकरावं कोठार माझं. "जमेल का?" हा प्रश्न तिला आयुष्यात कधी पडला नव्हता आणि समोरच्यांना तो विचारायला तिने अवसरच दिला नाही.

आता रविवारी सकाळी नऊला नगरपालिकेचे पाहुणे येणार होते, छापील नकाशा हातात घेऊन अकरा कोठारं पायी बघणार होते. त्या नकाशावर अकराव्या आकड्याखाली तिचं नाव होतं. नवऱ्याच्या बदलीमागून आलेल्या बाईचं नाव इथे कशावर छापलं जातं? शाळेच्या यादीत "ओवी-चानची आई", कचरा गोळा करण्याच्या पाळीत घराचा नंबर. म्हणून तो बोर्ड त्या भिंतीवर राहणं तिला फार, फार हवं होतं.

रात्री घरून तिने पुण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. काठ मूळचा त्यांचाच होता. जयमालाबाईंच्या हातच्या प्रत्येक गोधडीला काळ्या चंद्रकळेचा एक तुकडा, पांढऱ्या धोतराचा एक तुकडा, पुन्हा चंद्रकळा, असा काठ असे. काळं मळखाऊ म्हणून आणि पांढरं त्याला शोभतं म्हणून.

"अगं बाई, अगदी ओवीच्या बोरन्हाणाचं झबलं दिसतंय गं!" जयमालाबाईंनी फोन नाकाशी धरला. "काळ्यावर पांढरा हलवा. आणि मधले टाकेसुद्धा रंगवलेस की!"

"रंगवले. बाहेरून आत, तुमच्यासारखेच."

"दृष्ट काढ हो त्याची."

तिचा नवरा स्वानंद लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "पण ओरिजिनल डिझाइनमध्ये बॉर्डर नव्हती ना? समितीच्या सेकी-सानना एक मेल टाकायचीस. अप्रूव्हल वगैरे."

"काठाला कसलं अप्रूव्हल? तू शर्टाला कॉलर आहे म्हणून ऑफिसला मेल टाकतोस का?"

स्वानंद शहाणा माणूस, पुन्हा लॅपटॉपमध्ये शिरला. ओवी शाळेच्या सहलीबरोबर निक्कोला गेली होती. ती घरात असती तर तो फोटो पाहून तिने एका वाक्यात काय ते सांगितलं असतं आणि पुढचं रामायण टळलं असतं.

शुक्रवारी सकाळी ती वॉर्निशचा शेवटचा हात मारायला गेली तेव्हा कोठारासमोर एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. वळणापलीकडच्या हागिवारा-सान. नेहमी एप्रनमध्ये असायच्या, आज गडद कपड्यांत होत्या. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पांढरी शेवंती होती. ज्ञानदाला पाहून त्या कमरेत वाकल्या आणि हळू आवाजात एक लांबलचक, फार आदराचं वाक्य बोलल्या. त्यातलं निम्मं ज्ञानदाच्या डोक्यावरून गेलं.

"कधी?" शेवटी हागिवारा-साननी विचारलं. तेवढं स्पष्ट कळलं.

"काल संध्याकाळी!" ज्ञानदा आनंदाने म्हणाली. "रविवारी सगळे येणार आहेत. तुम्हीही नक्की या!"

हागिवारा-साननी रुमालाने डोळे टिपले, फुलं तिच्या हातात दिली आणि भराभरा निघून गेल्या. ज्ञानदाला भरून आलं. अमेरिकेच्या ताऱ्यांना नाही कुणी फुलं आणली, आपल्या गोधडीला आणली. तिने एक टपोरं फूल खुडून वेणीत खोचलं, बाकीची बादलीत ठेवली आणि शिडीवर चढली.

तास-दीड तासात गावाने तिला अगदी थक्क केलं. एक शेतकरी ट्रक थांबवून खाली उतरला, टोपी काढून भिंतीसमोर वाकला. हागिवारा-सान परत येऊन फाटकातून आत गेल्या. मागोमाग दोन म्हातारे गेले, त्यातल्या एकाच्या हातात खोकं होतं. मग एक जोडपं गेलं. ज्ञानदा शिडीवरून प्रत्येकाला हसून, मान लववून "आभारी आहे" म्हणत होती. लोक तिच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होते, पण कलावंताकडे लोक बघतातच.

साडेदहाला समितीची सेकी-सान नकाशांचा गठ्ठा घेऊन आली. पस्तिशीची, नगरपालिकेत काम करणारी, सदा घाईत असलेली मुलगी. ती गाडीतून उतरली आणि दार न लावताच उभी राहिली.

"ज्ञानदा-सान. तो काठ... तो जरा..."

"जरा काय?"

"समितीला सकाळपासून फोन येताहेत." सेकी-सानने गठ्ठा छातीशी धरला. "आमच्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पडदा असतो. आता सगळं सभागृहात होतं, म्हणून तुम्ही पाहिला नसेल. पण गावात पूर्वी घरालाच लावायचे. मोठ्या माणसांना तो लगेच ओळखू येतो."

"कसला पडदा?"

"मयताच्या घरी लावतात तो."

ज्ञानदा शिडीवरून एकेक पायरी खाली उतरली. मागे सरून तिने पहिल्यांदाच तो काठ परक्या डोळ्यांनी पाहिला. एकटा राहणारा एकोणऐंशी वर्षांचा माणूस, आणि त्याच्या कोठारावर, पार वळणावरून दिसणारा, वीस वर्षं टिकणारा पडदा. करायला गेली गणपती आणि झाला मारुती म्हणावं, तर इथे मारुतीचंसुद्धा भाग्य नव्हतं.

"आणि ते फूल," सेकी-सान अगदी हळू म्हणाली. "पांढरी शेवंती... तीसुद्धा..."

ज्ञानदाचा हात वेणीकडे गेला. तिने फूल उपसून काढलं. कधी? काल संध्याकाळी. रविवारी सगळे येणार आहेत. तिला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सगळ्यांत वाईट हे वाटलं, की त्या माणसाने काल तिला फळं कापून दिली होती.

"उपाय आहे," सेकी-सान म्हणाली. "काळ्या पट्ट्यांवर नुसता लाल दिला तरी पुरे. लाल-पांढरा पडदा लग्नाकार्याचा असतो. पण रविवारी नऊच्या आत. नाहीतर समिती बोर्डच उतरवायला सांगेल. मलाही मग काही करता येणार नाही."

"आत्ता देते. गेरूचा रंग आहे माझ्याकडे. आधी त्यांची माफी मागून येते."

नेमोतोंच्या दारात सात जोड चपला-बूट होते, टाचा आत, टोकं बाहेर, नीट ओळीत. आतून उदबत्तीचा वास येत होता आणि कुणीतरी खळखळून हसत होतं. ज्ञानदा चटईवर गुडघे टेकून बसली आणि कपाळ खाली लागेपर्यंत वाकली.

"मला माफ करा. मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे तो तान्ह्या मुलांचा रंग आहे. अर्ध्या तासात सगळं झाकून टाकते."

"हीच ती!" हागिवारा-सान ओरडल्या. "हिनेच मला सांगितलं, काल संध्याकाळी गेले म्हणून! मी घरी जाऊन चार जणांना फोन केले, जपमाळ घेऊन परत आले, तर दार उघडायला हाच उभा. माझाच जीव जायचा."

सगळे हसले. ज्ञानदाने मान वर केली. हसणाऱ्यांत नेमोतोही होते. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता. त्यांच्या मागे देव्हाऱ्यासारख्या छोट्या कपाटात एका बाईचा फोटो होता, गोल चेहऱ्याची, उन्हाने डोळे बारीक केलेली. तिच्यापुढे सातेक उदबत्त्या जळत होत्या.

"बसा नीट. चहा घ्या," नेमोतो म्हणाले. "ही फुमिए, माझी बायको. साथीच्या पहिल्या वसंतात गेली. दवाखान्यात मलासुद्धा शिरू दिलं नाही. पडदा आहे आमचा, माळ्यावर. लावला असता तर लोक आले असते, आणि लोक यायला नको होते. म्हणून नाही लावला."

नेमोतोंनी फोटोसमोरची एक कललेली उदबत्ती सरळ केली.

"मग साथ संपली. पण तेव्हा कोण येणार? उशीर झालेल्या माणसाला दारात यायची लाज वाटते."

"मी दोनदा वळणापर्यंत येऊन परत गेले," हागिवारा-सान कपात बघत म्हणाल्या. "पुढे मग रस्त्यात भेटलास तरी भाताचंच बोलायचे."

"काल तुम्ही पट्टे काढत होतात तेव्हा मला थांबवता आलं असतं," नेमोतो ज्ञानदाला म्हणाले. "तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, राहू दे. बघू या कोण कोण येतं."

ज्ञानदाने दोन्ही हातांनी कप उचलला. चहा निवला होता, तरी तो तिने सगळा प्यायला.

कोपऱ्यातला एक म्हातारा खाकरला. "मी चूक केली रे. सकाळी ओसाकाला ताकाशीला फोन केला. म्हटलं, मुलाला कळवायला हवं."

"त्याचा आला मला फोन," नेमोतो म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"'बाबा?' म्हणाला. मी 'हो' म्हटलं. मग कितीतरी वेळ तो बोलला नाही आणि मीही नाही." नेमोतोंनी बोटाने चटईची किनार चाचपली. "फुमिएच्या वेळी तो यायला निघाला होता. मोठ्या शहरातून कुणी आलं तर गाव काय म्हणेल, म्हणून मीच येऊ नको म्हटलं. त्याने ते मनाला लावून घेतलं. मीही घेतलं असतं."

"आता येतो म्हणाला का?"

"म्हणाला."

"कधी?"

"ते मी विचारलं नाही," नेमोतो म्हणाले आणि उदबत्तीची राख झाडायला वळले.

ज्ञानदा बाहेर आली तेव्हा सेकी-सानने गेरूचा डबा उघडून काडीने ढवळून ठेवला होता. ज्ञानदाने झाकण लावलं.

"आज नाही. रविवारी पहाटे."

"रविवारी? नऊला पाहुणे आहेत!"

"काळा पुरता वाळल्याशिवाय त्यावर लाल बसत नाही. समितीला सांगा, तांत्रिक अडचण आहे."

सेकी-सानला रंगातलं कळत होतं. तिने एकवार घराच्या दाराकडे पाहिलं, तिथल्या चपलांकडे पाहिलं, आणि गाडीत बसता बसता म्हणाली, "सांगते. पण नऊ म्हणजे नऊ, ज्ञानदा-सान. एक मिनिटही उशीर झाला तर तुमचा बोर्ड गेला."

शनिवारी दिवसभर लोक येत राहिले. काही नुसती चूक ऐकून, ती बघायला आले; पण आले की आत जाऊन बसले, फुमिएपुढे उदबत्ती लावली आणि तिच्या मुळ्याच्या लोणच्याच्या, तिच्या ट्रक चालवण्याच्या गोष्टी सांगत राहिले. ज्ञानदाने नेमोतोंच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. कप कुठे, चहा कुठे, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. पाचच्या सुमाराला दारातल्या चपला संपल्या. नेमोतो मात्र फाटकाशी उभे राहून अंधार पडेपर्यंत वळणाकडे बघत होते. तिने त्यांना आत बोलावलं नाही.

रविवारी उजाडताना ती डबा आणि दोन ब्रश घेऊन आली. नेमोतो आधीच कोठाराशी होते, शिडी लावून. डोंगराच्या दोन्ही शिखरांवर धुकं होतं आणि कापलेल्या भाताच्या खुंटांवर दव. वरचे पट्टे तिने घेतले, खालचे त्यांनी. गेरू काळ्यावर छान चढत होता. म्हाताऱ्याचा हात सरळ होता. कड सांभाळून, ब्रश आडवा न करता, सावकाश रंगवत होते. एकेक काळा पट्टा लाल होत गेला. शेतावर कामाला निघालेला एक ट्रक थांबला, चालकाने काच खाली करून "शुभेच्छा!" असं ओरडून सांगितलं आणि तो पुढे गेला.

साडेसात वाजता ज्ञानदा शिडीवरून उतरली आणि मागे सरून उभी राहिली. मधल्या ठिगळांभोवती लाल, पांढरा, लाल, पांढरा असा काठ सकाळच्या उन्हात नुसता खुलला होता. तिला आपल्या कामाचा मनापासून अभिमान वाटला. फक्त खालच्या ओळीत, फाटकाच्या बाजूला, एक पट्टा काळाच राहिला होता.

"तो एक राहिला," ती म्हणाली आणि ब्रश बुडवून पुढे झाली.

नेमोतोंनी हात आडवा धरला.

"हा राहू दे," ते म्हणाले. "ओसाकाहून यायला वेळ लागतो."

ओसाकाहून इथे यायला साडेचार तास पुरतात. ज्ञानदाला ते पक्कं ठाऊक होतं. स्वानंद महिन्यातून एकदा ऑफिसच्या कामाला तिकडे जायचा आणि त्याच दिवशी जेवायला घरी असायचा. तिने त्या काळ्या पट्ट्याकडे पाहिलं. सगळ्या सरळ ओळीत तो एकच तिच्या डोळ्यांत कुसळासारखा खुपत होता. तासा-दीड तासात पाहुणे येणार होते.

"हो," ती म्हणाली, "लांबचा रस्ता आहे." आणि तिने लाल रंगाच्या डब्याचं झाकण टाचेने दाबून बसवलं.